मैदानावरची मराठी

ऑटो थांबली तरी जगन्नाथराव उतरेनात. शाल्मलीने खाली उतरून हात पुढे केला. ऑटोवाल्यानेही मान वळवून म्हटलं, "बाबूजी, आ गया ग्राउंड." जगन्नाथरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि समोरची दांडी घट्ट धरून बसून राहिले.

"आबा, थोडी देर. मग आपण घरी जाऊ," शाल्मली म्हणाली. नातीचं मराठी असंच, अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरणारं.

"मला नाही यायचं. तिथे मी काय बोलू?"

"बोलायचं नाही ना. सिर्फ़ बैठना है."

नुसतं बसू द्यायला झाशीतली माणसं एवढी शहाणी कुठली! होळीच्या सुमारास जगन्नाथरावांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण जिभेवरची हिंदी पार पुसली गेली. कानाला सगळी समजायची, तोंडातून मात्र मराठीच यायची, दतिया गेटच्या त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. होत असेल बापडं. पण ज्या गावात भाजीवाला, न्हावी, शेजारी, जुने दोस्त सगळे हिंदीत, तिथे माणसाने नुसत्या मराठीवर दिवस काढायचे कसे? मनातलं मराठीत ऐकून घेणारी बायको, कमळा, केव्हाच गेली होती. मुलगा मिलिंद दिवसभर कामावर. भेटायला कोणी आलं की जगन्नाथराव झोपेचं सोंग घ्यायचे. चारचौघांत आपली शोभा होईल, ही एकच धास्ती. हळूहळू लोकांनी येणंच सोडलं, आणि मग कोणी येत नाही म्हणूनही ते कुढत बसायचे.

आज आले तेही मुकुल खरेच्या धमकीमुळे. एके काळी तो त्यांच्या संघात डावा बॅक होता, आता रेल्वेच्या पोरांचा प्रशिक्षक. सकाळी त्याने फोनवर शाल्मलीला बजावलं होतं, "साहब को ले आओ, नहीं तो मैं पूरी टीम लेकर घर आता हूँ."

शेवटी ते उतरले. सामना सुरू झालेला होता. शाल्मलीने त्यांना रेषेजवळच्या बाकावर बसवलं आणि जगन्नाथरावांचे डोळे आपोआप मैदानावर फिरू लागले.

हे मैदान त्यांचंच म्हणायचं. इथे त्यांनी रेल्वेचा फुटबॉल संघ उभा केला. गडी सगळे बुटके, काटकुळे. कानपूर-आग्र्याच्या धिप्पाड पोरांपुढे हवेतला चेंडू त्यांच्या वाट्याला यायचाच नाही. तेव्हा जगन्नाथरावांनी चेंडू जमिनीवर आणला. छोटे छोटे पास, आणि मागच्या चौघांची ओळ एकजीव. एक सरकला की चौघांनी सरकायचं. आसपासचे संघ तेव्हा आपापला माणूस धरून मैदानभर धावत सुटायचे. यांची जागा राखून खेळायची तऱ्हा बघून ते आधी हसले. मग करंडक झाशीला यायला लागले तसे निमूटपणे तेच शिकले.

आणि हुकूम सगळे मराठीत. हिंदीत ओरडलं तर समोरच्याला आधीच कळणार, म्हणून. बुंदेली, बंगाली, गोरखपुरी पोरं 'सरका', 'आत घे', 'सोड त्याला' एवढ्या भांडवलावर भल्याभल्यांच्या हातावर तुरी द्यायची. युक्ती अंगाशी आली ती फक्त ग्वाल्हेरला. तिथल्या बाकावर निम्मेअधिक मराठीच असणार, हे साहेबांच्या ध्यानीमनीही आलं नाही. त्यांनी 'डावीकडून चला' म्हणायचा अवकाश, ग्वाल्हेरकर डावीकडे हजर. सपाटून मार खाल्ला. परतताना गाडीत सगळे इतके हसले की टीसीने येऊन दटावलं. काय दिवस होते ते.

"साहब, पाँव लागूँ. तबियत कैसी है?"

मुकुल समोर उभा होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. जगन्नाथरावांचे ओठ हलले. शब्द अगदी दारापर्यंत आला आणि तिथेच अडकला. त्यांनी तोंड फिरवलं.

"अंकल, आबा हिंदी समझते हैं, बोल नहीं पाते," शाल्मली हळूच म्हणाली. "अब सिर्फ़ मराठी."

मुकुलचा चेहरा पडला. "अच्छा," एवढंच म्हणून तो खालमानेने रेषेकडे गेला.

जगन्नाथरावांनी नातीचं मनगट धरलं. "झाली हौस? चल आता घरी."

ते उठले. नेमकं तेव्हाच समोरच्या संघाचा एक पोरगा चेंडू घेऊन सुटला. मुकुलच्या पोरांचा डावा बॅक भलतीकडे, मध्ये ही मोठी जागा उघडी.

"अरे, तो डावा कुठे चाललाय? आत घे त्याला! सरका, सरका सगळे!"

आवाज फाटका होता, पण मैदानभर गेला. कोण ओरडलं हे न बघता मागची चारही पोरं एका दमात आत सरकली. वाट बंद झाली. चेंडू गोलकीपरच्या हातात गेला.

जगन्नाथराव उभे होते तसेच राहिले.

"इनको मराठी आती है?" शाल्मलीने मुकुलला विचारलं.

"मराठी कहाँ, बेटा," तो हसला. "इनके लिए तो यही फुटबॉल है. हमने साहब से ऐसे ही सीखा, इनको भी ऐसे ही सिखाया. उधर टहरौली गाँव में अपनी पुरानी टीम का अशरफ़ भी बच्चों को यही सिखाता है."

बोलता बोलता तो थांबला. साहेबांकडे बघत राहिला. मग सहायकाला खेळाकडे बघायला सांगून परत आला आणि बाकासमोर उकिडवा बसला.

"साहेब," मध्यंतराला ते पोरांना विचारायचे तेच शब्द एकेक जुळवत त्याने विचारलं, "दम लागला?"

जगन्नाथराव खाली बसले. "लागला."

"पाणी?"

"नको."

"पाय? दुखतो?"

"बरा आहे आता. जिन्यावर त्रास देतो थोडा."

किती महिन्यांनी घराबाहेरच्या माणसाने त्यांना काही विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. एकदा बांध फुटल्यावर मग राहवेना.

"भीती वाटते रे, मुकुल. एक भाषा अशी झटक्यात गेली. उद्या हीही गेली तर मी कोणाशी बोलू?"

एवढं मराठी मुकुलला कुठलं यायला. असलं वाक्य या मैदानावर कधी कोणी बोललंच नव्हतं. शाल्मली हिंदीत सांगायला लागली, पण त्याने हातानेच तिला थांबवलं. म्हाताऱ्याचा चेहरा त्याला दिसत होता. आपल्याजवळ होते नव्हते तेवढे सगळे शब्द त्याने मनात चाचपून पाहिले. मग त्याला एक वाक्य सापडलं, चेंडू घेऊन एकट्याने पुढे निघालेल्या गड्याला मागच्याने जे ओरडून सांगायचं असतं ते.

"जा पुढे, साहेब," तो म्हणाला. "मी मागं आहे."