मुंग्यांची साक्ष

बाथरूममध्ये ओणवी होऊन ती कमोडच्या मागे हात घालून चाचपत होती. पुडी नाही, डबी नाही, बिस्किटाचा कागदसुद्धा नाही. मुंग्या मात्र सकाळपासून तिथंच घोटाळत होत्या, आणि मुंग्या काही उगाच येत नाहीत.

"अगं, काय हरवलंय?" दाराशी नवरा उभा.

"तुमची लाज! गोड कुठं लपवलंय?"

"तुझी शपथ, घरात काही लपवलेलं नाही."

"माझी शपथ नको, मला अजून जगायचंय. तुम्ही खोटं बोलाल, मुंग्या नाही बोलणार."

नवरा सुतार. गेल्या वर्षी पायात खिळा घुसला आणि साखरेपायी जखम अशी चिघळली, की अंगठा जातो की राहतो अशी वेळ आली. तेव्हा त्यानं गोड सोडायचा शब्द दिला होता. तिनं त्याची हत्यारांची पेटी उपसली, रंधासुद्धा उलटा करून झटकला. काहीच सापडेना, तसा तिचा पारा आणखी चढला. अंगठ्याची धास्ती होतीच. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा माणूस तोंडावर खोटं बोलतो, हे तिला जास्त लागलं.

त्याच तिरमिरीत तिनं त्याला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं आणि मुंग्यांसकट सगळं सांगून टाकलं.

रिपोर्ट बघता बघता बाई हसायला लागल्या.

"काकू, साखर छान उतरलीय. मागच्या वेळी नवी गोळी दिली ना, ती जादाची साखर लघवीवाटे बाहेर काढते. मुंग्यांना तीच सापडली. काका, पाणी भरपूर प्या, स्वच्छता ठेवा आणि गोळी चुकवू नका."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जिवात जीव आला खरा, पण आता नवऱ्याकडे बघायचं कुठल्या तोंडानं? तो तर निवडणूक जिंकल्यासारखा बाहेर पडला होता.

"चुकलं माझं," जिन्यात ती म्हणाली. "उगाच संशय घेतला."

तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, कान खाजवत राहिला.

"ऐक ना. परवा एका दुकानात कपाटं बसवली, तेव्हा मालकानं केक दिला. खाल्ला मी. एवढासाच."

ती बघतच राहिली. बाईंनी निर्दोष सोडलं होतं, तिनं चूक कबूल केली होती. गप्प राहिला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"कसा होता?" तिनं विचारलं.

"झकास," तो खालमानेनं म्हणाला.

ती पायरीवरच बसली आणि पोट धरून हसत सुटली.