चार नंबरच्या खोलीतली पाहुणी

होसकेरीला नरसिंहाच्या देवळात माघात सात दिवस हरिकथा असते, आणि ते सात दिवस मी कावेरम्माच्या घरी उतरतो. घरच म्हणायचं. पाटीवर ‘उतरण्याची व जेवणाची सोय’ असं लिहिलंय खरं, खोल्याही सहा आहेत. पण पाहुणा ओसरीवर चढला की आधी त्याच्या हातावर गुळाचा खडा आणि समोर पाण्याचा तांब्या. नाव-गाव मागाहून. कावेरम्माच्या सासूपासूनची रीत ही. पाणी पिऊन होईपर्यंत कोण, कुठला, विचारायचं नाही, आणि गूळ खाल्लेल्याला तो आपण होऊन निघेपर्यंत उठवायचं नाही. सासूबाईंनी म्हणे एकदा पोलीस ज्याच्या मागावर होते अशा माणसालाही जेवण होईस्तोवर हलू दिलं नव्हतं. फौजदाराला शेजारच्या पानावर बसवलं होतं.

यंदा मी सकाळच्या बसनं पोचलो तेव्हा ओसरीवर केशवदास बसले होते. अठरा वर्षं मी या माणसाच्या तोंडून हरिकथा ऐकतोय. चिपळ्या वाजवत त्यांनी पहिलं पद उचललं की माझी शाळा, संसार, गुडघेदुखी सगळं कुठल्या कुठं जातं. देवस्थानची कमिटी त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना दरवर्षी इथंच उतरवते. त्या एका आठवड्यावर कावेरम्माचं निम्मं वर्ष निघतं.

चार नंबरची खोली नव्या व्हायोलिनवालीसाठी राखलेली होती. शिमोग्याची वैदेही. तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. माझ्या मागून तासाभरानं दुसरी बस आली आणि काखेत कापडात गुंडाळलेली लांबट वस्तू घेऊन एक बाई सरळ ओसरीवर चढली. कावेरम्माची सून रत्ना लगबगीनं पुढं झाली. गूळ दिला, पाणी दिलं, चार नंबर उघडून म्हणाली, “वाद्य त्या कोपऱ्यात ठेवा, तिथं ऊन येत नाही.”

“वाद्य कुठलं गं बाई?” ती हसली. “छत्री आणि चटई आहे ती.”

रत्नानं जीभ चावली. पण गूळ तोवर पोटात गेला होता.

गिरिजा सिद्दी तिचं नाव. यल्लापूरच्या रानातली. दाट कुरळे केस, काळाभोर तुकतुकीत चेहरा. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज हे सिद्दी; आमच्या भागात लांबून ओळखू येतात. रेडिओवर केशवदासांची कथा ऐकली होती, एकदा समोर बसून ऐकायची म्हणून एकटीच निघून आली होती. कावेरम्मा स्वयंपाकघरातून हात पुसत आली, सुनेची चूक ऐकली आणि म्हणाली, “बरं झालं. खोलीला माणूस मिळालं. व्हायोलिनवालीला माझी खोली देते, मी रत्नाजवळ निजेन.”

अकराच्या सुमारास कमिटीचा अध्यक्ष तिमण्णा हेगडे जीपमधून वैदेहीला घेऊन आला. विशीतली बारकीशी पोरगी. तिनं गूळ खाल्ला, पाणी प्याली, कावेरम्माची खोली पाहून म्हणाली, “छान आहे की. खिडकीतून सुपारीची बाग दिसते.” प्रश्न मिटला होता.

तेवढ्यात गिरिजा तोंड धुऊन विहिरीवरून आली.

“ही कोण?” हेगडेनं विचारलं.

“चार नंबरची पाहुणी.”

“कावेरक्का, डोळे अधू झाले का तुमचे? सिद्दीण आहे ती.”

“माझे डोळे चांगलेत. तुझ्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय, तेही दिसतंय.”

रत्ना फिसकन हसली. हेगडेचा हात गळ्याशी गेला आणि तो आणखी चिडला. “थट्टा नको. इथं दास राहतात, त्यांचं सोवळंओवळं असतं. त्याच विहिरीवर ही पाणी काढणार? त्याच पंगतीला बसणार? मागं शेड आहे ना तुमची?”

“शेडमध्ये गाय आहे. तिला विचारून बघ, तू चालशील का.”

“शेवटचं सांगतो. बारा वाजेपर्यंत ही गेली नाही, तर दास आणि मंडळी माझ्या चुलतभावाच्या लॉजवर जातील. यंदाही आणि पुढच्या वर्षीपासूनही.”

ओसरीवर सागरहून आलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, त्यांनी जपमाळा थांबवल्या. मी केशवदासांकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं आता हे एक वाक्य बोलतील आणि हेगडे पाय धरील. दास उठले. आत जाऊन त्यांनी आपली पिशवी आणली.

“कावेरी, कमिटीच्या शब्दाबाहेर जाता येत नाही गं मला,” ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

अठरा वर्षं ज्या कंठानं मला देव दाखवला, तो कंठ एवढंच बोलला.

गिरिजा छत्री-चटई घेऊन दारात उभी होती. “अक्का, मीच जाते. बसस्टँडवर बाकडी आहेत. मला सवय आहे.”

“सवय मोडायला शीक!” कावेरम्मा तिच्यावर कडाडली. “माझ्या सासूच्या वेळेपासून गूळ खाल्लेलं माणूस या घरातून कुणी उठवलं नाही. ते तुझ्या हातून मोडायचंय का मला? ठेव ती चटई आत. आणि काकड्या चिरायला बस, कोशिंबीर राहिलीय.”

गिरिजानं मग चटई आत टाकली आणि पदर खोचला.

“ने रे तुझी मंडळी,” कावेरम्मा हेगडेला म्हणाली. “पुढच्या वर्षीचंही आत्ताच सांगितलंस ते बरं केलंस. मला वाट बघावी लागणार नाही.”

तबलजी, पेटीवाला, टाळकरी एकेक करून जीपमध्ये चढले. वैदेही हलली नाही.

“चला ताई,” हेगडे म्हणाला.

“मी सहा वाजता देवळात वाजवायला येते. राहणार इथं. मीही गूळ खाल्लाय.”

“मग वाजवायला नाही आलीस तरी चालेल!”

“दासांना विचारा, व्हायोलिनशिवाय चालेल का,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

अकरा माणसांचा स्वयंपाक झाला होता. मी शाळामास्तर म्हणून कावेरम्मा मला मेष्ट्रे म्हणते; तिनं हाक मारली. “मेष्ट्रे, बसून काय राहिलात? पानं मांडा. आत नको, पुढच्या ओसरीवर. रस्त्यावरून दिसली पाहिजेत.”

मी केळीची पानं मांडली. पहिलं गिरिजाला, दुसरं वैदेहीला. तिसऱ्यावर मी बसलो. सागरच्या बहिणी खांबाशी घुटमळत होत्या. धाकटी म्हणाली, “अगं, भूक लागलीय.” थोरली पुटपुटली, “घरी सांगू नकोस म्हणजे झालं,” आणि दोघी बसल्या. कावेरम्मा भाताची परात घेऊन वाढत होती, आणि रस्त्यानं जो ओळखीचा दिसेल त्याला खणखणीत आवाजात बोलावत होती, “या, जेवायला या! आज पानं रिकामी आहेत!” पोस्टमन आला. सायकलच्या दुकानातले दोघं आले. काही मान खाली घालून गेले.

गिरिजानं भात तीनदा घेतला. “पोटभर जेव,” कावेरम्मा म्हणाली. “संध्याकाळी आपल्याला पुढं बसायचंय.”

“पुढं?”

“तू कथा ऐकायला आलीस ना? मग मागं खांबाआडून ऐकणार होतीस की काय?”

सहाला आम्ही निघालो. वैदेहीचं व्हायोलिन मी धरलं होतं. हेगडे तिला अडवायला पुढं झाला, पण दासांनी नुसतं हातानं तिला जवळ बोलावलं आणि सूर मिळवायला सांगितलं. त्या दिवशीचं आख्यान आधीच फळ्यावर लिहिलेलं होतं: देव गरिबाच्या घरी कण्या खातो ते.

सभामंडपात पहिल्या ओळीत जाजम अंथरलेलं होतं. कावेरम्मा तिथं गेली आणि गिरिजाचा हात धरून मांडी घालून बसली. रत्ना बसली. मीही बसलो. दुखऱ्या गुडघ्यांची मला त्या वेळी आठवणही झाली नाही.

हेगडे वाकून दबक्या आवाजात म्हणाला, “कावेरक्का, ही ओळ राखीव आहे.”

“कुणासाठी?”

“बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी.”

“ही यल्लापूरची,” कावेरम्मा म्हणाली, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात. “गिरिजा, सरकून बस गं जरा, मेष्ट्रेंना जागा दे.”