भोकाचा पैसा

लासुर्ण्याचे रामहरीतात्या बारामतीला निघाले की घरात कारण सांगायचे खताचं, नाहीतर दवाखान्याचं. पोचायचे मात्र बाबूलालच्या मोडीच्या दुकानात. लोक तिथं फुटकी तांब्या-पितळेची भांडी वजनावर विकत. त्या भांड्यांबरोबर जुन्या ट्रंकांतून निघालेली परदेशी नाणीही येत, ती बाबूलाल दारातल्या घमेल्यात टाकी. कुठलंही उचला, दहा रुपये. तात्या स्टूल ओढून बसत आणि मेथी निवडावी तशी नाणी निवडत. घरी नेल्यावर एकसारखी दोन निघाली, तर जास्तीची परत आणून बदली करायची, असा दोघांत रिवाज होता. साखर कारखान्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काहीतरी गोड लागायला हवंच की!

एका नाण्यानं मात्र तात्यांना सतत हुलकावणी दिली होती. आफ्रिकेतलं तांब्याचं नाणं, मधोमध भोक आणि भोकाच्या दोन्ही अंगांना हत्तीचे सुळे. आल्बममध्ये त्यांनी त्याच्यासाठी एक चौकोन मोकळा ठेवला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मोकळा चौकोनच आधी दाखवत.

लेक रोहिणी बाळंतपणाला माहेरी आली होती. उद्या नातीचं बारसं, आणि आज सकाळी तात्यांच्या बायकोनं, कुशाबाईंनी, देवघरातली डबी उघडली तर आत नुसती हळद.

"अवं, भोकाचा पैसा कुठाय?"

हा पैसा म्हणजे त्या घराची जान. तात्यांचा आजा पलटणीत होता, त्यानं तो आणलेला. झिजून पार गुळगुळीत झालेला, म्हणून सगळे त्याला आपल्याकडचाच जुना पैसा समजत. घरात जन्मलेलं प्रत्येक मूल बारशाला हा पैसा काळ्या करदोड्यात बांधून घेई, आणि चालायला लागेपर्यंत तो त्याच्या कमरेला असे. तात्या स्वतः तो बांधून रांगले होते. रोहिणीही.

तात्यांना दिवाळी आठवली. लक्ष्मीपूजनाला कुशाबाईंनी घरातली झाडून सगळी नाणी चिंचेनं घासून एकाच ताटात मांडली होती. तात्यांची परदेशीही त्यात आणि डबीतला भोकाचा पैसाही त्यातच. पाडव्याला तात्यांनी चष्मा न लावताच एकसारखी दिसणारी वेगळी काढली, आणि लखलखीत पुरचुंडी बाबूलालला नेऊन दिली.

त्यांनी खरं ते सांगून टाकलं. कुशाबाई कधी ओरडत नसत, आजही ओरडल्या नाहीत. डोळ्याला पदर लावून एवढंच म्हणाल्या, "आता लेकराच्या कंबरंला काय तुमच्या त्या परदेशी राजाचं मुंडकं बांधू?"

ते तात्यांना फार लागलं. चहाही न घेता ते एसटीत बसले. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या, आणि प्रत्येक ट्रॉलीमागं गाडी रेंगाळली की तात्या मनातल्या मनात ड्रायव्हरला शिव्या देत होते.

दुकानात शिरताना दारावरचं काहीतरी त्यांच्या टोपीला लागून छनछनलं. तिकडं लक्ष न देता त्यांनी घमेलं सरळ फरशीवर पालथं केलं.

"तात्या, आज सगळंच नेताय का काय?" बाबूलाल हसला. हकीकत ऐकल्यावर मात्र गिऱ्हाईक सोडून तोही शेजारी उकिडवा बसला. मुंडकी निघाली, मासे निघाले, जहाजं निघाली. भोकाचं एकही निघालं नाही.

"गेला," तात्या म्हणाले. "आता घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

तेवढ्यात बाबूलालची बायको करिमा चहा घेऊन आली, आणि दारात पुन्हा छनछन झालं.

"भोकाचं म्हंता व्हय, तात्या?" ती म्हणाली. "भोकाची समदी तर मी तारंत ओवली. त्ये काय, तुमच्या डोक्यावरच हाय की!"

दारावर नाण्यांचं अख्खं तोरण लटकत होतं. तात्या इतकी वर्षं खाली मान घालून निवडत आलेले, वर बघतील कशाला? करिमानं पक्कड आणली आणि स्वतःच्या हातानं तोरण तोडलं. या वेळी तात्यांनी चष्मा लावला. एका नाण्याचं भोक एका बाजूनं झिजून ओघळलं होतं. पिढ्यान् पिढ्या रांगणाऱ्या पोरांच्या करदोड्यानं ते कापलं होतं. हाच तो!

आनंदानं त्यावरून अंगठा फिरवला, आणि तात्या थबकले. नाणं उन्हाकडं तिरपं धरलं. भोकाच्या एका अंगाला पुसट वाकडी रेघ. दुसऱ्या अंगालाही तशीच.

सुळे!

तात्या एवढ्या मोठ्यानं हसले की रस्त्यावरची माणसं थांबली. ज्याच्यासाठी घमेली पालथी घातली, ते लहानपणी त्यांच्याच कमरेला बांधलेलं होतं, आणि सापडायच्या आधी त्यांनी ते मोडीत देऊन टाकलं होतं.

घरी आल्यावर कुशाबाईंनी नाणं ओळखलं, कपाळाला लावलं आणि चिंचेची वाटी पुढं ओढली. तात्यांनी झटकन त्यांचा हात धरला. नाणी जमवणारा माणूस नाणं कधी घासत नाही. आधीच नावाला उरलेले सुळे, आणखी घासले तर तेही जायचे.

"कुशे, ह्यो आपल्याकडचा न्हायच. आफ्रिकंतला हाय. ह्यालाच मी हुडकत हुतो."

"आसंल," कुशाबाई म्हणाल्या. "रोहिणीनं बांधला, तुमी बांधला. मंग कुणाचा हाय?"

आल्बम समोरच होता, त्यातला चौकोनही. आतल्या खोलीत नात रडायला लागली होती. तात्यांनी वाटी आपल्याकडं ओढली आणि पैसा स्वतःच्या हातानं घासला, चांगला लखलखीत होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बारशाला आलेल्या पाहुण्यांनी आल्बम मागितलाच. मोकळ्या चौकोनावर बोट ठेवून एकानं विचारलं, "तात्या, सुळ्यांचं अजून मिळालं न्हाय वाटतं?"

"मिळालं की," तात्या म्हणाले आणि त्यांनी पाळण्याकडं मान वळवली. "तितं हाय. पन आत्ता दावता यायचं न्हाय, नुकतीच झोपलीया."