घाटाचा उतार

काकासाहेबाला कुठलंच काम अवघड वाटत नसे. दुसऱ्याला करताना एकदा पाहिलं की ते आपल्यालाही आलंच, अशी त्याची खात्री. गावाकडच्या विहिरीवरची मोटर त्यानं अशीच स्वतः खोलून जोडली होती. ती लगेच जळाली, तेव्हा त्यानं दोष लाइटीला दिला. बोलून उपयोग नाही, हे बायकोला, द्वारकाबाईला, लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

तो वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. औरंगाबादेत एका लिलावात त्यानं जुनी जीप घेतली आणि शेजारच्या बन्सीला शिकवायला लावलं. बन्सी ट्रक चालवायचा. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर आठवडाभर जीप गोल गोल फिरली. एकदाही बंद पडली नाही की कुठं धडकली नाही. माळावर धडकण्यासारखं काही नव्हतंच, पण ते काकासाहेबाच्या ध्यानात आलं नाही.

त्याची बहीण लक्ष्मीबाई बाळंतपणाला आली होती. तिला आणि तान्ह्या बाळाला चाळीसगावला सासरी पोचवायचं होतं. बन्सी म्हणाला, "काकासाहेब, मधी कन्नडचा घाट हाय. रविवारपर्यंत थांबा, मी येतो संगं."

"येते की गाडी मला."

"येते, पर उतार कुठं पाह्यला तुम्ही अजून?"

काकासाहेब नुसता हसला. हे ड्रायव्हर लोक आपल्या कामाचा उगाच बाऊ करतात, नाहीतर त्यांना कोण विचारील, असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी, बन्सी कामावर गेल्यावर त्यानं जीप काढली. आई आवडाबाई आणि बाळाला घेऊन लक्ष्मीबाई मागं बसल्या, द्वारकाबाई त्याच्या शेजारी.

दौलताबादला रस्त्यावरच्या दगडी दरवाजातून त्यानं गाडी अलगद काढली. पुढं खुलताबादचा चढ लागला. इंजिन घरघरलं, पण गाडी चढली.

"घाट घाट म्हणतात तो हाच ना?" तो मागं वळून म्हणाला.

"पुढं बघा," द्वारकाबाई म्हणाली.

आवडाबाईनं कानशिलावर बोटं मोडली. "माझ्या लेकाला सगळंच येतं, बाई."

कन्नड मागं पडलं आणि डोंगराची कड आली. समोरची जमीनच संपली. खाली दूरवर खानदेश धुरकट दिसत होता. उतार लागताच काकासाहेबानं गाडी न्यूट्रल केली आणि चावी फिरवून इंजिनच बंद करून टाकलं. एकदम सगळं शांत झालं. फक्त टायरांची सळसळ ऐकू येत होती.

"बंद कामून केली?" द्वारकाबाईनं विचारलं.

"उताराला इंजिन कशाला पाह्यजे? डिझेल वाचतं."

हे त्यानं कधीतरी एसटीत कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. सुरुवातीची वळणं झकास गेली. गाडी आपणहून पळत होती, तो पाय ब्रेकवर ठेवून तिला आवरत होता. मग आवरायला जरा जास्त जोर लागू लागला. मग आणखी जास्त.

"दादा, काहीतरी जळतंय," लक्ष्मीबाई म्हणाली.

"पुढच्या ट्रकचा वास असंल."

पुढं ट्रक नव्हता. द्वारकाबाईनं ते पाहिलं आणि समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. पुढच्या वळणाला काकासाहेबानं ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली टेकला. पुन्हा दाबला. पाय पुन्हा खाली. गाडी मात्र जोर धरतच होती.

त्यानं चावी फिरवली, गिअर टाकायला गेला. दांडी करकर करत हाताला झटके देऊ लागली, बसेना. हँडब्रेक ओढला, त्यातून नुसता धूर आला. असं झालं तर काय करायचं, हे त्यानं बन्सीला कधी विचारलंच नव्हतं. असं होऊ शकतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याला आपले हात दिसले, आणि ते दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे वाटले.

खालच्या वळणावरून मालानं भरलेला ट्रक वर येत होता. जीप रस्ता सोडून दरीकडं ओढली जात होती. ट्रकचा भोंगा वाजतच राहिला.

"डोंगराकडं!" द्वारकाबाई किंचाळली. "अहो, डोंगराकडं घ्या, त्या खडीवर!"

रस्त्याच्या कामासाठी डोंगराच्या बाजूला खडीचे ढीग टाकलेले होते. त्यानं डोळे मिटून चाक फिरवलं. ट्रक अगदी घासून गेला. जीप कातळाला घासत, ठिणग्या उडवत खडीत घुसली, एका अंगाला कलली आणि थांबली.

बाळ रडलं, आणि त्या रडण्यानं लक्ष्मीबाईला हुंदका फुटला. आवडाबाईचं मनगट मोडलं होतं. काकासाहेबाच्या कपाळातून रक्त येत होतं, पण ते त्याला दुसऱ्यानं सांगावं लागलं.

खाली जाणाऱ्या एसटीनं त्यांना चाळीसगावला आणलं. आवडाबाईच्या हाताला प्लास्टर बसलं. संध्याकाळी लक्ष्मीबाईच्या घरी गल्ली जमली. तिचे सासरे तात्यासाहेब काकासाहेबाच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होते, "दुसरा कुणी असता तर गाडी दरीत गेली असती. डोकं शांत ठेवून बरोब्बर खडीवर घातली. काळीज लागतं त्याला!"

माणसं माना डोलवत होती. काकासाहेबाला बरं वाटू लागलं. खरंच आपण शांत होतो की काय? चाक तर आपणच फिरवलं. 'गाडी माझ्या हातातच होती' हे शब्द त्याच्या ओठांवर आले. तेवढ्यात त्याची नजर दारात उभ्या द्वारकाबाईकडं गेली. तिच्या हातात चहाचा कप होता. ती त्याच्याकडं बघत होती. तो आता काय बोलणार, हे तिला माहीत असल्यासारखी.

"नाय, तात्यासाहेब," तो म्हणाला. "मला गाडी येत नाय."

"बघा, गर्व नाय पोराला," तात्यासाहेब हसले.

"खरंच येत नाय. हिनं सांगितलं म्हणून वळवली, ती बी डोळे मिटून. बन्सी थांबा म्हणत होता. मी थांबलो नाय."

"पाव्हण्यांत असं बोलत्यात व्हय?" आवडाबाई पुटपुटली. द्वारकाबाईनं कप त्याच्यापुढं ठेवला आणि पदरानं त्याच्या कपाळाची पट्टी नीट केली.

निरोप मिळाला तसा बन्सी एसटीनं आला. मिस्त्रीकडून ब्रेकचं काम झाल्यावर त्यानं जीप ताब्यात घेतली. काकासाहेबाला तो एका शब्दानंही बोलला नाही, आणि तेच काकासाहेबाला जड गेलं. तो शेजारी बसला. परतीचा घाट चढताना जीप हळू, दमानं वर जात होती. धोका काहीच नव्हता, तरी प्रत्येक वळणाला काकासाहेबाचा पाय आपोआप खालच्या फळीवर दाबला जाई.

अर्ध्या घाटात त्यानं विचारलं, "बन्सी, आता कोणता गिअर टाकला? अन् कामून टाकला?"

बन्सीनं गाडीचा वेग आणखी कमी केला आणि सांगायला सुरुवात केली.