दोन कप्प्यांचं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारखान्यात माझ्यावर राखाडी रंग चढला, तेव्हाच कुणीतरी माझं कुलूप तीनतीनदा ओढून पाहिलं होतं. तेव्हापासून माझाही कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

बरीच वर्षं मी एका दवाखान्याच्या माडीवरच्या खोलीत आहे. तिथे एक ताई संशोधन करते. समलिंगी आणि ट्रान्स माणसांचं आपल्या जोडीदाराशी कसं जमतं, शरीरसंबंधातून होणाऱ्या आजारांची तपासणी करायला ती का कचरतात, हे ती त्यांनाच विचारते. नावं आणि सह्या माझ्या वरच्या कप्प्यात, उत्तरं खालच्या. उत्तरांवर फक्त आकडा. वरची किल्ली ताईकडे, खालची कारकूनकाकांकडे. सगळे माझं कौतुक करायचे, तेल मात्र कुणी घालत नसे. खालचं कुलूप गंजत चाललं होतं.

एकदा उत्तरं द्यायला एक घड्याळजी आला. माझ्याहून संशयी! त्याने माझं दार हलवून पाहिलं, टकटक केली.

"पत्रा पातळ आहे हो, ताई."

मला रागच आला.

"नाव कुणाला दिसणार नाही," ताई म्हणाली.

"मोठ्या भावाच्या कानावर गेलं ना, तर दुकानही जाईल आणि घरही. नऊ वर्षं मी आणि माझा माणूस एकत्र राहतो. भावाला वाटतं, तो माझा भाडेकरू आहे."

शेवटी त्याने सही केली. आजारी पडल्यावर उशाशी कोण बसतं, या प्रश्नावर म्हणाला, "तोच. पण दवाखान्यात त्याला चुलतभाऊ म्हणून सांगतो." दोन वर्षं टाळलेली तपासणीही त्याने खाली जाऊन करून घेतली.

त्या दिवशी फार गर्दी होती. ताईने त्याची सही आणि उत्तरं एकाच टाचणीत टोचली आणि काकांनी उघडलेल्या खालच्या कप्प्यात दोन्ही ठेवली. मला दिसलं, पण मला कुठे तोंड आहे? आठ दिवस मी येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे वटारून बघत होतो.

आणि आलाच एक तपासनीस, संशोधनाचं काम तपासायला. उत्तरं बघायची त्याला परवानगी होती. मनगटावरचं घड्याळ पुढे करून काकांना म्हणाला, "कालच दुरुस्त करून आणलं. ते दोघा भावांचं दुकान आहे ना, त्यातला थोरला माझा जिगरी दोस्त." म्हणजे आपल्या घड्याळजीचाच भाऊ! काकांनी किल्ली घातली. फिरेना. जोर लावला, चार शिव्या घातल्या, तरी फिरेना. मी काही केलं नाही हो, तो गंज होता. तपासनीस कंटाळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्याने कप्पा उघडला. ती टाचणी बघताच ताईने सही वेगळी काढून वरच्या कप्प्यात ठेवली.

"कुणाला कळलं नाही ना? मग गप्प बसा," काका म्हणाले.

ताईला ते पटलं नाही. तिने घड्याळजीला बोलावून सगळं सांगितलं. त्याने आपला सहीचा कागद मागून हातात घेतला. आता हा कागद फाडणार आणि पुन्हा या पायऱ्या चढणार नाही, अशी माझी खात्रीच झाली.

"सांगितलं नसतंत, तर मला काय कळणार होतं?"

"म्हणूनच सांगितलं."

त्याने खिशातून तेलाची बारीक कुपी काढली आणि माझ्यापुढे उकिडवा बसला. "उद्या त्यालाही आणतो तपासणीला," कुलपाकडे बघतच तो म्हणाला. "चुलतभाऊ नका लिहू. जोडीदार लिहा."

मित्रांनो, मला अधूनमधून तेल घाला, एवढंच मागणार होतो. आता आणखी एक मागतो. कुणी आपलं गुपित तुमच्यापाशी ठेवलं, तर ते गंजाच्या भरवशावर सोडू नका. माझं कुलूप आता सहज फिरतं. म्हणून हल्ली मी जास्तच जागा असतो.