दिव्याखालची खिडकी

मंडळात माणसं तीन आणि दुर्बीण एक. तरी नाव झोकात होतं, 'खगोल अभ्यासक मंडळ', आणि रबरी शिक्कासुद्धा करून घेतलेला. तो आजवर कशावर उमटवला असेल तर दुर्बिणीच्या पेटीवर. बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्या अध्यक्ष, कारण दुर्बीण त्यांच्या मोटारीतून टेकडीवर यायची. दुसरा बेकरीवाला. त्याला पहाटे तीनला भट्टी पेटवायची असे, म्हणून मंडळाचं आकाशदर्शन शनिवारी दिवेलागणीला सुरू होऊन नऊच्या आत आटपायचं. तिसरा आपला कवळीवाला. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या घडवून द्यायच्या हा त्याचा धंदा. कानशीने कवळ्या घासून घासून त्याची बोटं अशी तयार झाली होती की दुर्बिणीच्या बारीक स्क्रूंना त्याच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते. छोटीने तारा शोधायचा आणि मोठीने निरखायचा. दोघी एकाच ठिकाणी बघताहेत ना, हे अंधार पडण्याआधी लांबच्या एखाद्या वस्तूवर जुळवून घ्यावं लागतं. मंडळाने त्यासाठी मोबाइल टॉवरचा लाल दिवा धरला होता. तो टॉवर ज्या इमारतीच्या गच्चीवर होता, तिच्याच चौथ्या मजल्यावर कवळीवाला राहायचा. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. त्यामुळे दिव्याखालची त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी दिव्याच्या वर दिसायची, आणि तिच्यात टेबलाशी उलटी बसलेली त्याची आई.

लोकांच्या खिडक्यांत डोकवायचं नाही, हा बाईंचा सक्त नियम. पण स्वतःच्या घरात डोकावणाऱ्याला कोण काय म्हणणार? आईला आताशा काही आठवत नसे. गॅस चालू ठेवायची, दार उघडं टाकून चालू लागायची. म्हणून शनिवारी तो बाहेरून कडीकुलूप घालून निघे, टेकडीवरून एकदा ती बसलेली बघे, आणि मग दुर्बीण वर उचले. लांबच्या शहरात राहणाऱ्या ताईला हे कळलं तेव्हा ती फोनवर कडाडली होती, "आईला कोंडून चांदण्या मोजायला जातोस? पुन्हा असं काही कानावर आलं तर येऊन घेऊन जाईन तिला." ताई बोलते ते करते, हे त्याला ठाऊक होतं. आईशिवाय त्याचं म्हणावं असं माणूस घरात दुसरं नव्हतं. पण सहा दिवस आईचं आणि कवळ्यांचं केल्यावर हे अडीच तास त्याला हवेच असत. स्वार्थ म्हणा. तोही तसंच म्हणायचा, आणि जायचा.

त्या शनिवारी त्याने दिवा जुळवला, सवयीने खिडकी बघितली आणि पुन्हा एकदा बघितली. आईच्या समोरच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं, पाठमोरं.

"जरा बघ रे," त्याने बेकरीवाल्याला पुढे ओढलं.

बेकरीवाल्याने डोळा लावला. "टेबलाशी आई आहे, आणि समोर तूच तर बसलायस," तो सहज म्हणाला. मग डोळा काढून त्याने शेजारी उभ्या असलेल्या मित्राकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे, तुझ्यासारखा कुणीतरी. तुझाच तो चौकड्यांचा शर्ट घातलेला."

बेकरीवाल्याने स्कूटर अशी हाणली की पाच मिनिटांत दोघे चौथ्या मजल्यावर होते. कुलूप जसंच्या तसं. आत आई एकटी, प्रसन्न बसलेली. तिच्या पाठीवर घट्ट, सरळ वेणी. सहा महिने ती त्याला केसांना कंगवा लावू देत नव्हती, आणि तिच्या वाकड्या झालेल्या बोटांना साधं बटण लागत नव्हतं.

"वेणी कुणी घातली, आई?"

"कुणी म्हणजे काय? आत्ता तूच नाही का घातलीस!" ती हसली. "विसरभोळा मेला."

दोघांनी पलंगाखाली, कपाटात, मोरीत, सगळीकडे शोधलं. चौकड्यांचा शर्ट खुंटीवर होता. बेकरीवाल्याने तो चाचपला आणि हात मागे घेतला, कारण शर्ट अंगावरून नुकता काढल्यासारखा कोमट होता. तो हळूच म्हणाला, "ताईला कळव."

"ताईचं नाव काढू नकोस. शपथ आहे तुला."

पुढच्या शनिवारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळची तापलेली हवा हलते आणि लांबचं काहीबाही दिसतं, असा निकाल त्यांनी दिला. तो कवळीवाल्याने आनंदाने उचलून धरला. हलती हवा वेण्या घालते का, हे त्याने बाईंना विचारलं नाही.

इथे मला त्याचा राग येतो. असं काही घडल्यावर माणूस घर सोडेल का? पण हा दर शनिवारी टेकडीवर हजर. आणि खरं सांगायचं तर चौथ्या-पाचव्या शनिवारी खिडकीत ती पाठ दिसली तेव्हा त्याला भीती वाटलीच नाही. उलट जीव भांड्यात पडला. आईजवळ कुणीतरी होतं. ती जेवलेली असे, नखं कापलेली असत, चादर बदललेली असे. त्या महिन्यांत त्याने आयुष्यात पहिल्यांदा काळजीविना आकाश बघितलं. शनीची कडी बघताना तर तो लहान मुलासारखा ओरडला होता. ताईला त्याने यातलं एक अक्षरही कळू दिलं नाही.

मग आई बदलली. मंगळवारी-बुधवारी ती त्याच्याकडे बघून पदर सावरायची. त्याने घास पुढे केला की संकोचायची. एकदा तो नळाचा वायसर बदलत होता, तर मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "झालं का तुमचं काम?"

"आई, मी आहे."

"हो, हो," ती समजुतीने म्हणाली. "शनिवार कधी आहे हो?"

त्या शनिवारी दुर्बिणीतला माणूस पहिल्यांदा उठला. खिडकीशी आला, उलटा लटकलेला, आणि दीड किलोमीटरवरून नेमका इकडेच बघत राहिला. चेहरा कवळीवाल्याचाच होता. त्यावर राग नव्हता की हसू नव्हतं. कामाच्या वेळी दाराशी फेरीवाला आला तर आपण बघतो, तसं त्याने बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

आपण आई कुणाला देऊन बसलो, हे कवळीवाल्याला तेव्हा कळलं. पुढच्या शनिवारी टेकडीवर जायचं नाही, असं त्याने ठरवलं.

तो घरीच राहिला. कंगवा घेऊन आईजवळ बसला. दिवे लागले तशी तिची चुळबुळ वाढली. सारखी दाराकडे बघायची.

"तुम्ही जा ना आता," ती शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली. "तुम्ही गेल्याशिवाय तो येत नाही."

"आई, मी तुझा मुलगा आहे गं."

तिने त्याचा हात थोपटला, परक्या पोराचा थोपटावा तसा. "असाल हो. कुणाचे तरी असालच. पण माझा येईल ना आता, मला उशीर होतो."

त्याला रडू आलं. मग रागही आला. आज त्या माणसाला धरायचाच, असं मनाशी घेऊन तो बूट चढवून बाहेर पडला. दर शनिवारसारखी कडी घातली, कुलूप लावलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला, दारावरून नजर न काढता. जिन्यात चिटपाखरू फिरकलं नाही. वीस मिनिटं गेली असतील. मग आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि आई हसली. वडील होते तेव्हा हसायची, तशी पोटातून.

त्याने कुलूप काढलं, कडी सरकवली, दार ढकललं. दार हललं नाही. आतून वरची कडी लावलेली होती, आणि त्या कडीला आईचा हात पुरत नसे.

"आई!" त्याने दारावर मूठ आपटली. "आई, दार उघड! मी आलोय!"

आतलं हसणं थांबलं. पावलं दारापर्यंत आली.

"कोण आहे?" आतून विचारलं गेलं. आवाज त्याचाच होता, फक्त तो इतका शांत कधी बोलला नव्हता.

"कुणी नाही रे," आतूनच आई म्हणाली. "तो दुर्बीण बघायला जातो ना, तो असेल. जाईल आपला."