चांगल्या नळाची दुरुस्ती

“अहो, नळाला काही झालेलं नाही. ठेवा तो पाना.”

तिसऱ्यांदा सांगूनही नवऱ्याने ऐकलं नाही. स्वयंपाकघरातला नळ त्याने उघडला, वायसर उजेडात धरून पाहिला, पुसला आणि पुन्हा बसवला. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केलेला हा माणूस पोटच्या मुलाचं नाव विसरला होता. नळ गळतोय एवढं मात्र त्याला रोज सकाळी न चुकता आठवायचं. आणि रोज सकाळी तिचा चहा खोळंबायचा.

तिचं डोकं फिरायचं. माणसाची अक्कल काढून घ्यायची आणि हात तेवढे चालू ठेवायचे, ही कसली थट्टा? ती भांडी आपटायची, नशिबाला शिव्या घालायची. तो शांतपणे म्हणायचा, “झालंच, वहिनी. येईल आता पाणी.” उभा जन्म संसार करून ती त्याची गिऱ्हाईक झाली होती.

शेवटी मुलाने पाना माळ्यावर टाकला आणि डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. तुलाही जरा आराम मिळेल, म्हणाला.

मिळाला. चहा वेळेवर होऊ लागला. नवरा मात्र भिंतीकडे तोंड करून बसायचा. घास भरवला तर गिळायचा, नाही भरवला तर मागायचा नाही. हवी होती ती शांतता घरात आली आणि तिच्या छातीवर बसली.

एका सकाळी, गोळी द्यायच्या आधीच, मुलाचा फोन आला. बाबा किती शांत झालेत, असं तो कौतुकाने म्हणाला आणि ती भडकली.

“शांत मेल्यावर व्हायचंच आहे. नळाला काही झालेलं नाही, हे मलाही कळतं रे. पण मी रोज भांडी घासते, ती रोज खरकटी होतात. मला देतोस का गोळ्या? आज डॉक्टरांकडे मीच जाते. त्यांच्याशीही भांडायचंय मला.”

फोन आपटून ती स्टुलावर चढली. माळ्यावरचा पाना काढला, खाली उतरली आणि सगळा राग हातात आणून नळ पिळला. नळ निघाला, तसा पाण्याचा फवारा थेट तिच्या तोंडावर आला. डबे भिजले, शेगडी भिजली.

मागे खुर्ची सरकली. नवरा भिंत धरत आला, ओट्याखाली वाकला आणि त्याने चाचपडत कॉक बंद केला. मग कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे पाहिलं.

“आधी खालचा कॉक बंद करतात. कोणत्या गाढवाने हात लावला याला?”

“मी,” ती म्हणाली आणि पाना त्याच्या हातात दिला.